शिबिरातला आवेश ओसरला, प्रार्थनेत मन लागत नाही. तरुण विश्वासणाऱ्याने ख्रिस्ताच्या भक्तीत कसं वाढावं?

तू लिहिलं आहेस ते थोडक्यात असं: घर ख्रिस्ती, पण विश्वास खऱ्या अर्थाने स्वतःचा झाला तो मे महिन्यातल्या तरुणांच्या शिबिरात. तिथे रडत रडत प्रभूला जीवन दिलंस. मग शिकायला पुण्यात होस्टेलवर आलीस आणि आता काहीच वाटेनासं झालं. पवित्र शास्त्र उत्पत्तीपासून वाचायला घेतलंस, ते लेवीय या तिसऱ्या पुस्तकात अडकलं. खोलीतली मैत्रीण पहाटे चारला उठून दोन तास प्रार्थना करते, तुझी पाच मिनिटांत संपते. आणि शेवटी विचारतेस, "मग शिबिरातलं ते खोटं होतं का?" तू १९ वर्षांची, माझ्या धाकट्या मुलीच्या वयाची, म्हणून अगं-तुगं करतो.

खोटं नव्हतं. हे मी तुझी समजूत घालायला म्हणत नाही, बघितलेलं आहे म्हणून म्हणतो.

आम्ही निफाड तालुक्यातले, द्राक्षबागायतदार. योहानाच्या पंधराव्या अध्यायात प्रभू म्हणतो की मी द्राक्षवेल आहे आणि तुम्ही फाटे. हा अध्याय आमच्या घरी वाचला जातो तेव्हा खिडकीबाहेर बागच असते. द्राक्षाची छाटणी वर्षातून दोनदा होते. माल निघाला की एप्रिलमध्ये खरड छाटणी. सगळ्या काड्या कापून टाकतात, ओलांड्यावर, म्हणजे वेलीच्या आडव्या फांदीवर, बोटभर खुंट राहतात. नवख्या माणसाला वाटतं बाग मोडली. मग भर उन्हाळ्यात नवीन फूट येते, काड्या वाढतात, मांडव पानांनी भरतो, पण द्राक्षाचा एक मणी दिसत नाही. ऑक्टोबरात दुसरी छाटणी, गोडी छाटणी, आणि त्यानंतर घड बाहेर पडतात.

मला वडिलांनी पहिल्यांदा काडी तपासणीला नेलं तेव्हा मी तुझ्याएवढाच होतो. ऑक्टोबरच्या छाटणीआधी बागेतल्या काही काड्या प्रयोगशाळेत नेतात. तिथल्या माणसाने काडीवरचा एक डोळा, म्हणजे जिथून फूट येते तो कोंब, ब्लेडने चिरला आणि सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला. मोहरीपेक्षा थोडा मोठा तो डोळा. आत बघितलं तर हिरवट-पांढरा, बारीक बारीक गाठींचा घड! तो त्या दिवशी तयार झालेला नव्हता. एप्रिलच्या छाटणीनंतर साधारण दीड-दोन महिन्यांत, ज्या दिवसांत बागेत नुसती पानं दिसतात, त्याच दिवसांत तो डोळ्याच्या आत धरला गेला होता. पुढच्या वर्षीचा सगळा माल त्या न दिसणाऱ्या दिवसांवर ठरतो.

तुझं हे पुण्यातलं वर्ष मला त्या दिवसांसारखं दिसतं. शिबिर संपलं, आवेश छाटला गेला. छाटणारा पिता आहे, असं त्याच अध्यायात लिहिलेलं आहे. आणि त्यात आपल्याला सांगितलेलं काम एकच आहे: माझ्यामध्ये राहा. फाट्याने जोर करून घड काढायचा नसतो, वेलीला धरून राहायचं असतं.

आता धरून राहायचं म्हणजे रोज काय करायचं, ते सांगतो.

लेवीय सध्या बाजूला ठेव. त्यात पाप नाही. ते पुस्तक मोलाचं आहे, पण याजक आणि होमार्पणं कशासाठी होती हे ख्रिस्ताला ओळखल्यावर जास्त उमगतं. मार्ककृत शुभवर्तमान घे. सोळाच अध्याय आहेत, चारही शुभवर्तमानांत सगळ्यांत लहान. रोज दहा-बारा ओव्या, त्याहून जास्त नको. मोठ्याने वाच, निदान ओठ हलवून, आणि मराठीत वाच. तू इंग्रजी ॲपवर वाचतेस असं लिहिलं आहेस. ॲप असू दे, पण देवाशी बोलताना ज्या भाषेत आई तुला रागावते आणि जवळ घेते तीच भाषा बरी. पंडिता रमाबाई संस्कृतच्या एवढ्या मोठ्या विदुषी, पण त्यांनी केडगावच्या आपल्या मुक्ती मिशनमध्ये राहून हिब्रू आणि ग्रीक शिकून संपूर्ण पवित्र शास्त्राचं भाषांतर केलं ते सोप्या मराठीत, साध्या बायाबापड्यांना कळावं म्हणून. त्या ज्या वचनांसाठी एवढ्या झिजल्या ती तुझ्या हातात आहेत.

वाचून झालं की वहीत एकच ओळ लिही: आज येशूने काय केलं? "मला काय वाटलं" हे लिहू नकोस. वाटण्याचा हिशेब ठेवलास की दर दिवशी तोटाच दिसेल. "कुष्ठरोग्याला हात लावला." "पहाटे अंधारात एकटा जाऊन प्रार्थना केली." "झोपला होता, वारा थांबवला." महिनाभराने वही उघडलीस की तुझ्यासमोर एक माणूस उभा असेल, आणि प्रेम जडतं ते माणसावर. मला तर वाटतं, आपल्या मंडळ्यांतून तरुणांना नियम फार शिकवले जातात आणि येशूकडे नुसतं बघायला फार थोडं शिकवलं जातं.

प्रार्थना पाच मिनिटांत संपते, तर पाच मिनिटांची कर. मैत्रिणीचे दोन तास तिचे आणि देवाचे, त्यात तू डोकावू नकोस. प्रभूने शिकवलेली प्रार्थना मोठ्याने म्हटली तर अर्ध्या मिनिटात होते. तिचा एकेक तुकडा एकेका दिवसाला घे. सोमवारी "आमच्या स्वर्गातील पित्या" एवढंच, आणि तो पिता आहे याचा विचार करत मेसपर्यंत चालत जा. "आमची रोजची भाकर" या दिवशी फी, परीक्षा, बाबांची नोकरी, सगळं त्याला सांग. क्षमेच्या दिवशी ज्याचं नाव आठवून पोटात कळ येते त्याचं नाव घे. तो दिवस जड जाईल. रात्री झोपताना एक स्तोत्र. दीडशे आहेत, पाच महिने पुरतील. मन कोरडं असेल त्या दिवशी ८८वं वाच. ते अंधारात सुरू होतं आणि अंधारातच संपतं, शेवटी उजेडाची एक ओळही नाही, तरी देवाने ते आपल्या ग्रंथात राहू दिलं. काहीच न वाटणाऱ्या माणसाची प्रार्थनाही त्याला चालते, याचा याहून मोठा पुरावा मला माहीत नाही.

इथे माझं स्वतःचं सांगितलं पाहिजे. २०१४ च्या मार्चमधली गारपीट. माल तोडणीला आलेला, व्यापारी सौदा करून गेलेला, आणि दुपारी वीस मिनिटांत सगळं संपलं. मी बागेत गेलो तेव्हा पायाखाली मणी फुटत होते आणि रसाचा गोड वास येत होता. तो वास अजून नको वाटतो. डोक्यावर बँकेचं कर्ज. त्यानंतर जवळपास वर्षभर मला प्रार्थना करता आली नाही. तरुणांना शिकवणारा मी, डोळे मिटले की आत नुसता राग. रविवारी मात्र जात राहिलो, कारण न जाण्याचं कारण घरी सांगायला तोंड नव्हतं. शेवटच्या बाकावर बसायचो. शेजारी मंडळीतल्या एक आजी बसायच्या, डोळ्यांनी अधू, गीतपुस्तकाची गरज नसलेल्या. पेटी सुरू झाली की ख्रिस्ती कवी नारायण वामन टिळकांची पदं तोंडपाठ म्हणायच्या, आवाज चिरका पण एक शब्द न चुकता. माझा गळा बंद. मी काय करायचो, तर त्यांचा आवाज ऐकायचो. तेवढीच माझी उपासना.

पुढे मार्कचा दुसरा अध्याय वाचताना थबकलो. पक्षाघाती माणसाला चौघं खाटेवर उचलून आणतात, गर्दीमुळे दारातून जाता येत नाही, तर घराचं छप्पर उसकटून खाली सोडतात. आणि येशू "त्यांचा विश्वास" पाहून त्याला क्षमा करतो. त्यांचा! खाटेवरच्या माणसाचा विश्वास किती होता याबद्दल तिथे एक शब्द नाही. त्या वर्षी माझी खाट त्या आजींनी उचलली होती, आणि त्यांना ते माहीतही नव्हतं. त्या आता प्रभूजवळ गेल्या.

म्हणून एकटीने वाढायचा प्रयत्न करू नकोस. पुण्यात मराठी उपासना होणाऱ्या मंडळ्या आहेत. दोन-तीन ठिकाणी जाऊन बघ आणि मग एक ठरव. दर रविवारी तिथेच जा. पाळकांना भेटून नाव सांग, आणि एखादं काम मागून घे: खुर्च्या लावणं, संडे स्कूलच्या लहान मुलांना सांभाळणं, काहीही. काम हातात असलं की ज्या रविवारी मन नसेल त्या रविवारीही पाय जातात. आणि तुझ्याहून वयाने मोठी एक बाई शोध, जिच्याजवळ तुला पाप कबूल करता येईल आणि जी ते चार घरी सांगणार नाही. अशी माणसं मंडळीत असतात, पण ती सहसा माईकवर नसतात.

सावध कुठे राहायचं तेही सांगतो. जो कुणी म्हणेल की आईवडिलांशी बोलणं तोड, औषधं बंद कर, हे बाहेर कुणाला सांगू नकोस, किंवा आशीर्वादासाठी आधी पैसे दे, तिथून त्याच दिवशी निघ. त्याच्या तोंडी कितीही वचनं असोत.

आणि तू लिहिलं आहेस की सहा प्रार्थना-ग्रुप आणि रोज तीन-चार व्हिडिओ उपदेश चालू आहेत. मे-जूनमध्ये आम्ही बागेत फुटव्यांची विरळणी करतो. पानांची गर्दी झाली की डोळ्यांवर ऊन पडत नाही, आणि ज्या डोळ्याला ऊन नाही त्यात घड धरत नाही. वरून बाग हिरवीगार दिसते, म्हणून तर फसगत होते. सहातले पाच ग्रुप सोड. उपदेश आठवड्याला एक, तोही रविवारचा. उरलेला वेळ मोकळा राहू दे, अभ्यास कर. अभ्यास ही भक्तीच्या आड येणारी गोष्ट नव्हे.

अजून एक, हे घाईत वाचू नकोस. झोप लागत नसेल, जेवण जात नसेल, सकाळी उठावंसंच वाटत नसेल, आणि हे आठवडेच्या आठवडे चालू असेल, तर ते विश्वास कमी पडल्यामुळे आहे असं समजू नकोस. घरी सांग, डॉक्टरकडे जा. १ राजेच्या एकोणिसाव्या अध्यायात एलीया संदेष्टा झुडपाखाली पडून मरण मागतो. देवदूत त्याला उपदेश करत नाही. भाकर आणि पाणी देतो, झोपू देतो, पुन्हा उठवून पुन्हा खायला घालतो. होरेब डोंगर आणि देवाची ती मंद वाणी नंतर.

किती दिवस लागतील, हे तू विचारलेलं नाहीस, पण मनात असेलच. रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३ साली इंग्लंडमध्ये झाला. त्यांनी स्वतःच्या साक्षीत सांगितलं आहे की ख्रिस्ती धर्म तेव्हा मिळाला, पण ख्रिस्त स्वतः मिळाला तो सुमारे आठ वर्षांनी. मधल्या काळात त्या बसून नव्हत्या, विधवांसाठीचं शारदा सदन तेव्हाच उघडलं. नारायण वामन टिळकांचंही बघ. १८९३ मध्ये आगगाडीत एका अनोळखी गोऱ्या गृहस्थाने त्यांना नवा करार दिला. डोंगरावरच्या प्रवचनापाशी आल्यावर त्यांना तो खाली ठेववेना. तरी बाप्तिस्मा झाला १८९५ मध्ये. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंचा त्यानंतर पाच वर्षांनी, १९०० मध्ये, नवऱ्याच्या मागे फरपटत न जाता, स्वतः विचार करून. आधी त्यांना पटलं की जातिभेद माणसानेच केलेला आहे, आणि पटलं तसं त्या कुणाच्याही हातचं खाऊ-पिऊ लागल्या. त्यांचं बदललेलं मन पहिल्यांदा दिसलं ते पाण्याच्या तांब्यापाशी. तुझ्याही बाबतीत लक्ष ठेवायचं तर तिथे ठेव: मेसच्या मावशींशी कशी बोलतेस, वर्गातल्या एकट्या बसणाऱ्या मुलीशेजारी बसतेस का, चूक झाल्यावर माफी मागायला किती दिवस लावतेस. सहा महिन्यांपूर्वी चार दिवस लागत होते आणि आता एक लागत असेल, तर डोळ्यात घड धरतोय.

आज रात्री मार्कचा पहिला अध्याय सुरू कर. रोज दहा-बारा ओव्यांनी चौथ्या-पाचव्या दिवशी दुसऱ्या अध्यायातल्या त्या छपरापाशी पोचशील. तिथे थांबून वहीत चार नावं लिही, जी माणसं तुझी खाट उचलतील. तीनच सुचली तर मला कळव, मी आणि माझी बायको मिळून चौथा कोपरा धरू. आमची कुटुंबप्रार्थना रात्री साडेआठला असते.