शर्टाला तेलाचा वास येईना

प्रिय मुला,

अनेक आशीर्वाद.

तुझा सीव्ही पाहिला. चांगला आहे, दोन ठिकाणी खुणा केल्यात. पण दिवाळीला गावी जाणार नाहीस, घरी प्रोजेक्टचं कारण दिलंस, हे वाचून जीव कळवळला. हिंजवडीतलं काम सुटून पाच महिने झाले आणि आईला पत्ता नाही.

माझी कंपनी बंद पडली तेव्हा मीही लपवलं होतं. फर्स्ट शिफ्टच्या वेळेला डबा घेऊन निघायचो आणि पिंपरीऐवजी पर्वतीला जायचो. १०३ पायऱ्या चढून वर बसायचं, डबा खायचा, शिफ्ट सुटायच्या सुमारास घरी. असे सात आठवडे. बायकोला दुसऱ्याच आठवड्यात कळलं होतं, कारण धुवायला टाकलेल्या शर्टाला मशीनच्या तेलाचा वास येईना. मी आपणहून बोलेन म्हणून ती थांबली होती. पुढची तंगी आम्ही दोघांनी मिळून काढली. ते सात आठवडे मात्र एकाच खोलीत दोघं एकेकटे होतो. मला अजून त्याचंच वाईट वाटतं.

तू लिहिलंस, 'वेळ भरपूर आहे, पण काहीच होत नाही.' हा आळस नाही रे. ऑस्ट्रियात मारिएंथाल नावाच्या गावात १९२९-३० मध्ये कापडगिरणी बंद पडली आणि जवळजवळ सगळं गाव बेकार झालं. मारी याहोदा ही समाजमानसशास्त्रज्ञ आणि तिच्या सहकाऱ्यांनी तिथं बारकाईनं नोंदी केल्या. लोकांना वेळच वेळ होता, तरी वाचनालयातून नेली जाणारी पुस्तकं निम्म्यावर आली. पुरुषांची चालसुद्धा मंदावली. पगाराबरोबर दिवसाची चौकट, घराबाहेरची माणसं आणि आपला कुणाला तरी उपयोग आहे ही भावनाही जाते, असं याहोदानं पुढं मांडलं. तुझं नेमकं तेच गेलंय.

म्हणून आज रात्री आईला फोन कर. वडिलांना कसं सांगायचं ते तिला बरोबर कळतं. मग नवी पेठेत एखाद्या अभ्यासिकेत जागा घे, दहाला जा, पाचला ऊठ. तिथली मुलं चहाला निघाली की तूही जा. अर्ज तिथूनच कर, खोलीवर पडून नको. कुठल्या लग्नात कुणी विचारलं तर 'काम सुटलंय, शोधतोय' एवढंच सांग. पहिल्यांदा जड जाईल.

आणि झोप उडाली, आपण नसतो तर बरं असं मनात आलं, तर त्याच क्षणी मला फोन कर, रात्रीचे दोन वाजलेले असले तरी. नाहीतर टेली-मानस या सरकारच्या मानसिक आरोग्य हेल्पलाइनला, १४४१६ वर. फोन मोफत आहे, मराठीत बोलता येतं.

रविवारी सकाळी सातला पर्वतीच्या पायथ्याशी ये. डबा मी आणतो. आई काय म्हणाली, ते वर गेल्यावर सांग.

तुझा,
काका