स्टेप टूचा स्कोअर उशिरा आला तर यंदाचा मॅच गेला का?

जुलै लागला की हा प्रश्न घेऊन फोन सुरू होतात. (स्टेप टू म्हणजे अमेरिकेत डॉक्टरकी करायला लागणाऱ्या यूएसएमएलई परीक्षेचा दुसरा टप्पा; मॅच म्हणजे दोन्ही बाजूंच्या पसंतीक्रमावरून वर्षातून एकदा होणारं तिथल्या जागांचं वाटप.) एमबीबीएस होऊन अमेरिकेत रेसिडेन्सीसाठी, म्हणजे हॉस्पिटलांच्या प्रशिक्षण प्रोग्रॅमसाठी, अर्ज करणारी मुलं विचारतात, "मॅडम, सप्टेंबरअखेर प्रोग्रॅम अर्ज बघायला लागणार आणि माझा निकाल त्याआधी येईलसं वाटत नाही. परीक्षा उरकून टाकू, की यंदाचं वर्ष सोडू?"

२०२५ मधल्या एका मुलीची गोष्ट सांगते. लातूरकडची, इंटर्नशिप संपलेली; ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदललेत. स्टेप वन पास होती. पण जानेवारी २०२२ पासून स्टेप वनला आकडाच मिळत नाही, नुसतं पास किंवा नापास. त्यामुळे सगळा भार स्टेप टूवर. तिची तारीख ऑगस्टच्या सुरुवातीची, मुंबईची. प्रॅक्टिस टेस्टमध्ये मात्र २२१ आणि २२४, आणि पास व्हायला लागतात २१८. व्हिडिओ कॉलवर शेजारी वडील बसलेले. त्यांचं म्हणणं सरळ होतं: "फी भरलीय, तारीख मिळालीय, देऊन मोकळी होऊ दे. कमी आले तर परत देईल."

इथेच मी त्यांना थांबवलं. यूएसएमएलईत एकदा पास झालात की मार्क वाढवायला तीच परीक्षा पुन्हा देता येत नाही. २२० आले तर ते कायमचे. नापास झालात तर पुन्हा बसता येतं, पण तो प्रयत्नही ट्रान्सक्रिप्टवर, म्हणजे अधिकृत निकालपत्रकावर, दिसतो, आणि एका स्टेपला एकूण चारच प्रयत्न. उशिरा आलेल्या स्कोअरवर काहीतरी इलाज असतो, कमी आलेल्यावर नसतो. माझ्या मते घाईचा निर्णय इथेच फसतो.

मग तिला म्हटलं, प्रश्नांची वही दाखव. तिने पूर्ण परीक्षेच्या एका सरावाची एक्सेल शीट उघडली. पहिल्या चार ब्लॉकमध्ये, म्हणजे प्रश्नांच्या गटांत, चुका तुरळक, सहाव्यापासून पुढे लाल रंगच लाल. त्यातही बऱ्याच ठिकाणी आधी बरोबर उत्तर निवडून मग बदललेलं. रोज चाळीस-चाळीस प्रश्नांचे एक-दोन ब्लॉक सोडवायची सवय, आणि खरी परीक्षा तेव्हा एक-एक तासाच्या आठ ब्लॉकची, नऊ तासांची. अभ्यास होता, दिवसभर टिकायची सवय नव्हती. अशी कमतरता पाच-सहा आठवड्यांत भरून काढता येते. (त्याच महिन्यात २०५ वर अडकलेल्या एका मुलाला मी यंदा नको म्हणून सांगितलं. त्याचे विषयच कच्चे होते.)

आता कॅलेंडर. निकाल साधारण दोन ते चार आठवड्यांत, बुधवारी लागतो. त्या वर्षी प्रोग्रॅमना अर्ज दिसायला लागणार होते २४ सप्टेंबरला, आपल्या संध्याकाळी साडेसहाला. म्हणजे निर्धास्त राहायचं तर ऑगस्टचा तिसरा आठवडा ही शेवटची वेळ. तिला मुंबईत तेव्हाची जागा मिळेना. हैदराबादला मिळाली, पण सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात. परीक्षा द्यायला तिला मिळालेल्या तीन महिन्यांच्या मुदतीत ती तारीख बसत होती, आत्याही तिथेच राहते. घेतली.

वडिलांना ते पटलं नाही. "स्कोअरशिवाय अर्ज कोण बघणार?" भीती खोटी नव्हती. बरेच प्रोग्रॅम आकड्यावर चाळणी लावतात, आणि आकडाच नसला तर अर्ज चाळणीत गळतो. म्हणून आम्ही यादीचे दोन भाग केले. अर्जाच्या वेळीच स्कोअर हवा असं ज्यांनी वेबसाइटवर लिहिलं होतं, ते बाजूला ठेवले. निकाल आल्यावर प्रोग्रॅम वाढवता येतात. ईसीएफएमजीचं (अमेरिकेबाहेर शिकलेल्या डॉक्टरांना प्रमाणित करणाऱ्या संस्थेचं) सर्टिफिकेट रँक लिस्टपर्यंत, म्हणजे मॅचसाठीची पसंतीक्रमाची यादी भरेपर्यंत, चालेल म्हणणाऱ्यांना वेळेत अर्ज टाकला. तीस अर्जांपुढे प्रत्येकाचा दर एकदम चढतो, त्यामुळे "सगळीकडे टाकून ठेवू" हा सल्ला मी देत नाही. ओईटी ही इंग्रजीची परीक्षा आणि डिग्रीची पडताळणी तिने दरम्यान उरकली. सर्टिफिकेट नुसत्या स्टेप टूवर मिळत नाही, हे पुष्कळांना ऑक्टोबरात कळतं.

परीक्षेआधी तिने पूर्ण आठ ब्लॉकचे दिवस काढले, डबा आणि ब्रेकसकट. निकाल आला १ ऑक्टोबरला: २४१.

रात्री तिचा मेसेज, "आता त्यांना दिसेल ना?" नाही! नवा स्कोअर ईरासमध्ये, म्हणजे अर्जांच्या ऑनलाइन यंत्रणेत, आपोआप जात नाही. ट्रान्सक्रिप्ट आपणच प्रत्येक प्रोग्रॅमला पुन्हा पाठवावी लागते. स्कोअर येऊनही ती न पाठवल्यामुळे महिनाभर स्वस्थ बसलेली मुलं मी पाहिली आहेत. तिने त्याच रात्री पाठवली, बाजूला ठेवलेल्यांपैकी निवडक ठिकाणी अर्ज केले आणि कोऑर्डिनेटरना चार ओळींची ईमेल लिहिली: स्कोअर आला, अर्ज अद्ययावत केला, धन्यवाद. त्यात रडगाणं नव्हतं.

मुलाखती आल्या, पण सप्टेंबरात पूर्ण अर्ज असलेल्या तिच्या मैत्रिणीपेक्षा कमी, आणि बहुतेक डिसेंबरनंतरच्या. उशिराची किंमत असतेच. ती तिने आधीच धरली होती. रँक लिस्ट भरायची मुदत मार्चच्या सुरुवातीला होती, तोवर सर्टिफिकेट हातात आलं होतं.

वडिलांचा पुढचा फोन व्हिसाचा. एच-वन-बीच हवा, असं कुणीतरी त्यांना सांगितलेलं. त्यासाठी स्टेप थ्री लागते आणि ती अमेरिकेत जाऊनच द्यावी लागते. जे-वन या दुसऱ्या व्हिसाला ती लागत नाही. "मग यंदा जे-वनवाले प्रोग्रॅमच बघू," तेच म्हणाले.