तपासलंच नाही, मग सही कशाला करताय?

प्रश्न: सोलापुरात एका खाजगी हॉस्पिटलात बायोमेडिकल टेक्निशियन आहे. इन्स्पेक्शन आलंय म्हणून मॅनेजर म्हणतात डिफिब्रिलेटर (हृदयाला शॉक देणारं मशीन) आणि सिरिंज पंपांचं (ठरलेल्या वेगाने औषध सोडणारी मशीनं) सहा महिन्यांचं रजिस्टर आज बसून भरून टाक, कंपनीची एएमसी (वार्षिक देखभालीचा करार) आहे, तुझ्यावर काही येत नाही. नाही म्हटलं तर नोकरी जाईल का?

उत्तर: सही करू नका. एएमसी कंपनीची असेल हो, पण 'तपासलं, ओके' याच्या खाली नाव तुमचं राहणार आणि उद्या काही झालं की पहिलं रजिस्टरच जप्त होतं. भारतीय न्याय संहितेच्या कलम 106(1) मध्ये निष्काळजीपणाने मृत्यू झाला तर पाच वर्षांपर्यंत शिक्षा आहे, दोन वर्षांची मर्यादा आहे ती फक्त नोंदणीकृत डॉक्टरला, तीही उपचार करताना घडलं तर, म्हणजे डॉक्टरसाहेबांपेक्षा तुमचीच मान जास्त अडकते. नुसत्या सहीवर गुन्हा सिद्ध होत नाही हे खरं, पण तोवर कोर्टाच्या चकरा कोण मारणार? शिवाय नोकराने फसवायच्या हेतूने रेकॉर्ड खोटं केलं तर कलम 344 वेगळं, सात वर्षांपर्यंत.

आता करायचं काय, तर नोंद आजच्याच तारखेने आणि जेवढं केलं तेवढीच. उदाहरणार्थ 'बॅटरी, पॅडल, सेल्फ टेस्ट बघितली, 200 ज्यूल सेट केल्यावर प्रत्यक्षात किती बाहेर पडतात ते अनालायझर नसल्याने मोजलं नाही.' हेच मेडिकल सुपरिंटेंडेंटना मेलवर टाका, अनालायझर किंवा बाहेरून कॅलिब्रेशन (मशीनची मापं बरोबर येतात का याची तपासणी) मागा. तोंडी सांगितलेलं उद्या कोणालाच आठवत नाही. जे मशीन शंकास्पद वाटतं त्यावर 'वापरू नये' टॅग लावून वॉर्डच्या सिस्टरची पोच घ्या. सी-आर्म (ऑपरेशनच्या वेळी वापरतात ते एक्स-रे मशीन) असेल तर त्याच्या क्वालिटी टेस्टला तुमची सही चालतच नाही, ते एईआरबीने (अणुऊर्जा नियामक मंडळाने) मान्यता दिलेल्या एजन्सीचं काम आहे.

आधी अशा सह्या केल्या असतील तर पान फाडू नका, व्हाइटनर तर अजिबात नको, खाली आजची तारीख टाकून खरं काय ते लिहा.

नोकरीचं म्हणाल तर जाणारच नाही अशी गॅरंटी मी देत नाही. पण राजीनामा लिहून देऊ नका, काढायचं तर लेखी काढा म्हणा. पद काहीही असो, काम हाताने करायचं तांत्रिक असेल तर तुम्ही कामगाराच्या व्याख्येत बसू शकता, मग सहायक कामगार आयुक्तांकडे जाता येतं. अपॉइंटमेंट लेटर आणि त्या मेलची प्रिंट घरी ठेवा, पेशंटचे कागद मात्र घरी नेऊ नका.