अमेरिकेची सुरुवात मेफ्लॉवर जहाजापासून झाली हे खरं आहे का? ती माणसं तिकडे का गेली होती?

नाही. इंग्रजांची पहिली टिकलेली वस्ती १६०७ ची, जेम्सटाउन, व्हर्जिनिया. मेफ्लॉवर आलं १६२० ला, आजच्या मॅसॅच्युसेट्समधल्या प्लिमथला. तोवर जेम्सटाउनला किल्ला होता, चर्च होतं, तंबाखू लंडनला जात होता, निवडून दिलेल्या प्रतिनिधींची सभा भरली होती आणि आफ्रिकेतून पकडून आणलेली माणसंही येऊन पोचली होती.

मी जेम्सटाउनपासून गाडीने अर्ध्या तासावर राहतो आणि माझे दाजी राहतात मॅसॅच्युसेट्सला, त्यामुळे तुमचा हा प्रश्न आमच्याकडे दर थँक्सगिव्हिंगला जेवणाच्या टेबलावर येतोच. दाजींचं म्हणणं ठरलेलं आहे. "अरे, खरी अमेरिका आमच्याकडे सुरू झाली, धर्मासाठी घरदार सोडून आलेली माणसं ती. तुमच्याकडे आले ते सोनं शोधायला, आणि नंतर आणले गुलाम." भाचीला शाळेत पण हेच, कागदाची काळी टोपी, टर्की आणि सगळे मिळून जेवतायत असं चित्र. पोरीला जेम्सटाउन हे नाव माहीत होतं ते फक्त पोकाहॉन्टस या मूळनिवासी मुलीच्या गोष्टीमुळे.

एका उन्हाळ्यात ताई, दाजी आणि भाची आमच्याकडे राहायला आले तेव्हा मी ठरवलंच की यांना जेम्सटाउनच्या बेटावर न्यायचं. म्युझियममधली नकली जहाजं नाही, खरी जागा. ऑगस्ट महिना, दमट हवा, डास, चारी बाजूंनी दलदल. दाजी उतरल्या उतरल्या म्हणाले, असल्या जागी वस्ती कोण करतं? मी म्हटलं, व्हर्जिनिया कंपनी करते. लंडनच्या गुंतवणूकदारांची कंपनी ती, राजा जेम्सकडून १६०६ ला सनद घेतलेली, तिला स्पॅनिश जहाजांना पटकन न सापडणारी आणि काठापर्यंत खोल पाणी असलेली जागा पाहिजे होती. ती मिळाली, पण प्यायला पाणी मचूळ. १०४ पुरुष आणि पोरं मे महिन्यात उतरली, जानेवारी १६०८ ला जहाज परत आलं तेव्हा ३८ जिवंत होती. त्यात नेमका भयंकर दुष्काळ, जुन्या झाडांच्या खोडातल्या कड्यांवरून आता कळलंय की १६०६ ते १६१२ ही या भागातली गेल्या कित्येक शतकांतली सगळ्यात कोरडी वर्षं होती. इथल्या मूळनिवासी पोव्हाटन लोकांकडे स्वतःपुरताच मका होता आणि हे बंदुका घेऊन तो मागायला जायचे, मग लढाया होणार नाहीत तर काय?

आत म्युझियममध्ये जेनची कवटी आहे. जेन हे नाव संशोधकांनी दिलेलं, मुलगी साधारण १४ वर्षांची, १६०९-१० च्या हिवाळ्यातली. त्या हिवाळ्यात किल्ल्याला वेढा पडला होता, लोकांनी घोडे खाल्ले, कुत्री, उंदीर, बुटांचं चामडं खाल्लं, आणि या पोरीच्या हाडांवर सुरीचे घाव आहेत, मेल्यावर तिचं मांस काढलेलं होतं. तीनेकशे लोकांतले साठच्या आसपास उरले. ताई म्हणाली, पोरीला हे दाखवू नकोस. मी दाखवलं. भाची तेव्हा जेनपेक्षा थोडी लहान होती, बराच वेळ काचेपाशी उभी राहिली आणि मग तिने विचारलं, "मामा, ही इकडे कुणाबरोबर आली होती?" एका मेलेल्या मुलीबद्दल एवढा साधा प्रश्न तिला पडला, टोप्या कापून हे होत नाही. मला तरी तिचा तो प्रश्न फार मोलाचा वाटला आणि आजही वाटतो.

तिथून चर्चमध्ये गेलो. ३० जुलै १६१९ ला इथे व्हर्जिनियाची सभा भरली, वेगवेगळ्या वस्त्यांमधून २२ प्रतिनिधी निवडून आलेले. त्याच उन्हाळ्यात पोलंडहून आलेल्या कारागिरांनी, आम्हाला मत नाही तर काम नाही असं सांगून काम थांबवलं आणि मत मिळवलं. दाजींना हे माहीत नव्हतं, ते खूश झाले, फोटो काढले.

दुसऱ्या दिवशी मी त्यांना हॅम्पटनला पॉइंट कम्फर्टला नेलं. सभेनंतर महिन्याभरातच, १६१९ च्या ऑगस्टअखेरीला, व्हाइट लायन नावाचं जहाज इथे लागलं आणि पोर्तुगीज जहाजावरून लुटून आणलेली वीसेक अंगोलाची माणसं धान्यसामानाच्या बदल्यात देऊन गेलं. त्यांच्या मागोमाग आलेल्या दुसऱ्या जहाजावरची अँजेला नावाची बाई पुढे जेम्सटाउनच्या कॅप्टन पियर्सच्या घरी कामाला असल्याची नोंद आहे. दाजी लगेच म्हणाले, "बघ, मी काय म्हणत होतो, गुलामगिरी तुमचीच." मग मात्र मी ऐकून घेतलं नाही. बॉस्टनला १६३८ मध्ये डिझायर नावाच्या जहाजातून गुलाम आले, आणि १६४१ मध्ये मॅसॅच्युसेट्सने गुलामगिरी कायद्यात लिहून घेतली, व्हर्जिनियाच्याही आधी. पार्किंगमध्ये आमचा आवाज चढला, ताईने दोघांना गाडीत बसवलं आणि घरी येईपर्यंत कोणी बोललं नाही. माझं म्हणणं तेव्हाही हेच होतं: सभा आणि गुलामांचं जहाज एकाच उन्हाळ्यातले, एकाच वसाहतीतले, सुरुवात सांगायची तर दोन्ही सांगा. सोयीची तेवढी घेऊन आपल्या राज्याच्या नावावर लावू नका.

आता ते का गेले. व्हर्जिनियात गेले ते आधी सोन्यासाठी, नंतर तंबाखूसाठी. जॉन रॉल्फने वेस्ट इंडीजकडचं गोड बियाणं लावलं, १६१४ पर्यंत माल लंडनला जायला लागला, आणि मग माणूस आणणाऱ्याला माणशी ५० एकर जमीन असा नियम झाला. गरीब इंग्रज चार ते सात वर्षांच्या करारावर यायचे. १६३० च्या दशकात जॉर्ज मेनेफी नावाच्या जमीनदाराने अशी जमीन घेताना माणसांची जी यादी दिली त्यात 'टोनी, ईस्ट इंडियन', म्हणजे भारताकडचा, असं नाव आहे. दाजी म्हणतात, आपण भारतीय १९६५ च्या इमिग्रेशन कायद्यानंतर आलेली माणसं, हा इतिहास आपला नाही. मी त्यांना टोनीचं नाव सांगतो.

आणि पिल्ग्रिम्स, म्हणजे मेफ्लॉवरवरची ती धर्मासाठी निघालेली माणसं? त्यांना धर्मस्वातंत्र्य हॉलंडमध्ये मिळालेलंच होतं, लायडनला दहा-अकरा वर्षं राहिले. पण गरिबी होती, पोरं डच होत चालली होती, युद्ध परत पेटायची भीती होती. मेफ्लॉवरवरच्या १०२ पैकी बरेच तर त्यांच्या पंथाचे नव्हतेच, खर्च लंडनच्या व्यापाऱ्यांनी केलेला, आणि परवाना व्हर्जिनियाच्या उत्तर भागाचा! हडसनच्या मुखाशी जायचं होतं, केप कॉडला पोचले. १६३० ला बॉस्टनला आलेले प्युरिटन हा कडवा पंथ वेगळा, त्यांनी वेगळी मतं मांडणाऱ्या रॉजर विल्यम्स या धर्मोपदेशकाला हाकललं आणि मेरी डायर या क्वेकर पंथाच्या बाईला १६६० मध्ये फाशी दिलं. याला धर्मस्वातंत्र्य म्हणायला मी तयार नाही.

एक सांगायचं राहिलं, फ्लोरिडातलं सेंट ऑगस्टीन १५६५ चं आहे, स्पॅनिश लोकांचं, म्हणजे युरोपियन म्हणून बघितलं तर जेम्सटाउनही पहिलं नाही. आणि पोव्हाटन लोकांची तीसेक टोळ्यांची सत्ता इथे आधीपासून होती, त्यांच्यातले पमंकी अजून व्हर्जिनियात स्वतःच्या जमिनीवर राहतात, त्यांना ही 'सुरुवात' वगैरे सांगायला जाऊ नका. दाजींच्या बाजूने एवढं बोलतो की प्लिमथवाल्यांनी तिथल्या मूळनिवासी वाम्पानोआग लोकांशी १६२१ ला केलेला करार पन्नासेक वर्षं टिकला. व्हर्जिनियात १६२२ च्या एका सकाळी पोव्हाटन लोकांच्या हल्ल्यात ३४७ इंग्रज मारले गेले आणि पुढची दहा वर्षं सूड चालला.

परीक्षेसाठी विचारत असाल तर १६०७ लिहा. फिरायला येणार असाल तर ऑक्टोबरमध्ये या, तिकीट काढताना बेटावरच्या मूळ जागेचंच काढा, जेम्सटाउन सेटलमेंट हे शेजारचं वेगळं म्युझियम आहे, आणि पॉइंट कम्फर्ट त्याच फेरीत करा. प्लिमथचा तो १६२० कोरलेला दगड नाही बघितलात तरी चालेल. मेफ्लॉवरवरच्या कोणीही त्याच्याबद्दल एक ओळ लिहिलेली नाही, याच दगडावर ते उतरले असं पहिल्यांदा सांगितलं १७४१ मध्ये एका ९४ वर्षांच्या म्हाताऱ्याने.