टाइमला फ्रेंचमधे ताँ, अर की फ्वा?

प्रश्न असा आहे की इंग्लिशमधे सगळीकडे एकच 'टाइम' चालतो, पण फ्रेंच डिक्शनरीत त्याला ताँ, अर, फ्वा, एपॉक असे चार शब्द देतात, मग कुठला कधी वापरायचा?

माझं म्हणणं, इंग्लिश मधे आणूच नका, मराठीतून थेट फ्रेंचमधे जा. आपल्याकडे 'वेळ' पुल्लिंगीही आहे आणि स्त्रीलिंगीही, आणि बोलताना आपला त्यात कधी घोळ होत नाही. 'माझा सगळा वेळ गेला', 'थोडा वेळ आहे का', हा तो वेळ, जो पुरतो किंवा पुरत नाही. 'जेवायची वेळ झाली', 'गाडीची वेळ काय', ही ती वेळ, घड्याळातली. आता फ्रेंच बघा, तो वेळ म्हणजे ताँ, आणि ताँ पुल्लिंगी, ती वेळ म्हणजे अर, आणि अर स्त्रीलिंगी! शिवाय तीच वेळ अनेकवचनात जाऊन 'तीन वेळा' झाली की तिथे फ्वा, आणि तोही शब्द स्त्रीलिंगीच. योगायोगच आहे हा, पण लक्षात ठेवायला इतकी सुंदर सोय दुसरी नाही.

रस्त्यात कुणाला 'वूझावे लर?' विचारलंत तर समोरचा घड्याळ बघून किती वाजले ते सांगेल, पण 'वूझावे ल ताँ?' म्हणालात तर तुम्हाला वेळ आहे का, सवड आहे का, असा अर्थ होतो आणि तो तुमचं काय काम आहे याची वाट बघत उभा राहील. एका शब्दाचा फरक आहे फक्त. अर म्हणजे तासही, म्हणून 'त्र्वाझर' म्हणजे तीन वाजता की तीन तास ते वाक्यावरून कळतं. (लॅटिन 'होरा'चा हा अर झाला आणि लॅटिनमधे तो आला ग्रीकमधून, त्याच ग्रीक शब्दावरून संस्कृतात, म्हणजे आपल्या ज्योतिषातही, होरा आला.)

फ्वा पाढ्यातही येतो, 'त्र्वा फ्वा कात्र, दूझ' म्हणजे तीन चोक बारा. 'तिप्पट मोठा' म्हणायलाही 'त्र्वा फ्वा प्ल्यू ग्राँ'. गोष्टीची सुरुवात मात्र आपण 'कोणे एके काळी' अशी करतो आणि ते 'इल एतेत्युन फ्वा' अशी करतात, म्हणजे तिथे काळ नाही, फ्वाच. एरवी 'त्या काळी' असेल तर 'आ लेपॉक' म्हणा, झालं.

लिंगाची युक्ती एका जागी नीट लागू पडत नाही, ती सांगायलाच हवी. 'निघायची वेळ झाली' यात आपली वेळ स्त्रीलिंगी, पण फ्रेंचमधे 'से लर द पार्तीर' आणि 'इले ताँ द पार्तीर' दोन्ही म्हणतात. निघायचं अमुक वाजता ठरलेलं असेल तर पहिलं, आणि 'आता निघायलाच हवं, फार झालं' असं असेल तर दुसरं. तसंच वेळेवर म्हणजे 'आ लर', पण उशीर व्हायच्या आत, वेळेत, म्हणजे 'आ ताँ'. गाडी आ लर सुटते, तुम्ही ती आ ताँ गाठता.

आणि ताँचा एक अर्थ टाइममधे नाहीच, तो म्हणजे हवामान. 'केल अर एतिल?' म्हणजे किती वाजले, 'केल ताँ फेतिल?' म्हणजे हवा कशी आहे, त्याचं उत्तर पाऊस पडतोय असं येऊ शकतं. व्याकरणातला भूतकाळ, भविष्यकाळ यातला काळसुद्धा ताँच.