‘नीटच झाले पाहिजे’ यातला ‘च’

दिवाळी महिन्यावर आली की माझ्याकडे समुपदेशनासाठी येणाऱ्यांच्या बोलण्यात एक तक्रार हमखास डोकावते: “घरी सगळ्यांना बोलवायचे म्हटले की पोटात गोळा येतो.” ऐकणाऱ्याला ही बाब किरकोळ वाटते, आणि सांगणाऱ्यालाही ती किरकोळच वाटत असल्यामुळे सांगताना संकोच होतो. पुण्यातल्या पाहुणचारावर विनोद करणाऱ्यांनी, पाहुणे येणार म्हणून इथल्या किती घरांत रात्री जागवल्या जातात, हे पाहिलेले नसते. दोन वर्षांपूर्वी सिंहगड रस्त्यावर राहणाऱ्या एक ताई याच कारणाने आल्या होत्या. त्यांच्या परवानगीने, ओळख पटू नये इतके तपशील बदलून, हा अनुभव लिहीत आहे.

त्यांच्या सासरी भाऊबिजेनंतरच्या रविवारी सर्वांनी एकत्र जमण्याची पद्धत होती. आजवर हे जमणे सदाशिव पेठेतल्या वाड्यात, मोठ्या जाऊबाईंकडे होत असे. वाडा पुनर्विकासाला गेला, जाऊबाई भाड्याच्या लहान घरात गेल्या आणि त्या वर्षीचे जमणे ताईंच्या फ्लॅटवर करायचे ठरले. माणसे २२, त्यांत ७ मुले आणि ३ जण सत्तरी ओलांडलेले. ताईंची बँकेतली नोकरी, नऊ वर्षांचा मुलगा आणि घरात सासूबाई. तीन आठवडे आधीपासूनच त्यांची झोप उडाली होती, दिवाणखान्याचे पडदे बदलावेत की नाही यावरून नवऱ्याशी दोनदा कडाक्याचे भांडण झाले होते, आणि आदल्या दिवशी आजारी पडल्याचे कळवावे का, असा विचार त्या गंभीरपणे करत होत्या.

पहिल्या भेटीत चूक माझीच झाली. कामे डोक्यात फिरत राहतात म्हणून ती कागदावर उतरवा, असे मी सुचवले. पुढच्या आठवड्यात त्या चार रंगांच्या पेनांनी आखलेला तक्ता घेऊन आल्या. त्यात शनिवारी रात्री ११.४० समोर ‘बेसिनच्या नळावरचे डाग’ अशी नोंद होती. परीक्षेला घाबरलेल्या मुलाला मी आणखी एक प्रश्नपत्रिका सोडवायला दिली होती.

तक्ता बाजूला ठेवून मी त्यांना नुसते बोलू दिले आणि त्यांच्या वाक्यांतले ‘च’ मोजू लागले. स्वयंपाक घरीच व्हायला हवा, सगळे गरमच वाढले पाहिजे, कुणी नाव ठेवताच कामा नये. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी १९५५ पासून मांडलेल्या विवेकनिष्ठ मानसोपचारात याच ‘पाहिजे’ला मध्यवर्ती स्थान आहे: माणसाची इच्छा हट्टाच्या मागणीत बदलली की चिंता सुरू होते. मराठीत तर हे काम एका अक्षराने होते. “जेवण चांगले व्हावे” या वाक्याने कुणाची झोप उडत नाही.

मग मी त्यांना विचारले, “लहानपणी कोणाच्या घरी जायला तुम्हाला सर्वांत जास्त आवडायचे?” क्षणाचाही विलंब न लावता त्या म्हणाल्या, “मामाकडे, सासवडला.” तिथे जेवायला काय असायचे, या प्रश्नावर मात्र त्या बराच वेळ गप्प राहिल्या. “आठवत नाही. पण मामी आम्हा बहिणींना मटार सोलायला बसवायची. आम्ही निम्मे दाणे खाऊन टाकायचो आणि ती खोटे खोटे ओरडायची.”

माझ्या मते या प्रश्नाची सगळी मेख त्या मटारात होती. घरात शिरलेल्या माणसाच्या हाताला काम नसले की त्याची नजर भिंतींवर आणि पडद्यांवर फिरू लागते. मामी मात्र काम देऊन पाहुण्याला घरचे करून टाकत असे. ताई मात्र कुणाला भांड्याला हात लावू देत नसत आणि त्यामुळे २२ परीक्षक स्वतःच खुर्च्यांवर बसवणार होत्या.

हे पटण्यासाठी प्रयोग आवश्यक होता. लाज वाटेल असे निरुपद्रवी कृत्य मुद्दाम करून पाहायला एलिस आपल्याकडे उपचारांसाठी येणाऱ्यांना सांगत. केळ्याला दोरी बांधून ते रस्त्याने ओढत नेण्याचा त्यांचा स्वाध्याय प्रसिद्ध आहे. सिंहगड रस्त्यावरच्या रहदारीत ते शक्य नव्हते. म्हणून ताईंनी गुरुवारी कामावरून आल्यावर शेजारच्या दोघींना चहाला बोलवायचे, सोफ्यावरची वाळलेल्या कपड्यांची रास उचलायची नाही, चहा तीन वेगवेगळ्या कपांतून द्यायचा आणि त्या दोघी काय म्हणतील हे आधीच लिहून ठेवायचे, असे ठरले. त्यांनी लिहिले होते, “एकमेकींकडे पाहतील आणि लवकर उठतील.” प्रत्यक्षात एकीने गप्पा मारता मारता सवयीने त्या कपड्यांच्या घड्या घालायला घेतल्या, आणि दोघी सव्वा तास बसल्या. कपांविषयी ताईंनी दुसऱ्या दिवशी मुद्दाम विचारले, तर दोघींच्याही ते लक्षात आलेले नव्हते. मानसशास्त्रज्ञ थॉमस गिलोविच आणि सहकाऱ्यांच्या २००० साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात, ओशाळे वाटेल असा टी-शर्ट घालून इतरांसमोर गेलेल्या विद्यार्थ्यांना वाटले की खोलीतल्या जवळपास निम्म्या जणांनी तो टिपला असेल. तो टिपणारे जेमतेम पाव होते. हा प्रयोग मी त्यांना आधी सांगितला असता तर त्यांनी मान डोलावली असती, एवढेच.

त्यानंतरचे बरेचसे त्यांनीच ठरवले. वेळ ५ ते ९, आणि तशी स्पष्ट कळवलेली. जेवायला पावभाजी, ज्येष्ठांसाठी दहीभात. फराळाचा एकेक डबा प्रत्येक घराने आणायचा, कारण भाऊबिजेनंतर चिवडा किंवा शंकरपाळे प्रत्येकाकडे उरलेले असतातच आणि दुसऱ्याच्या घरी ते अधिक चवदार लागतात. मुलांची व्यवस्था सोसायटीच्या कोपऱ्यातल्या किल्ल्याने केली: विटा, पोती आणि लाल माती, उतारावर पेरलेल्या आळिवाचे उगवलेले गवत, मातीचे मावळे, पाहुण्यांना टॉर्चने किल्ला दाखवण्याचे काम मुलाकडे.

सासूबाईंचा प्रश्न वेगळा होता. “पाहुण्यांना कसली पावभाजी?” असे त्या रोज म्हणत, आणि ताई ते नाव ठेवणे समजत. मी सासूबाईंना एकदा भेटायला बोलावले. दहा मिनिटे इकडचे तिकडचे बोलल्यावर त्या म्हणाल्या, “मला पावभाजी येत नाही हो. मग मी त्या दिवशी करायचे काय?” मठ्ठ्याची जबाबदारी त्यांच्याकडे गेली आणि विषय मिटला.

त्या रविवारची हकिकत ताईंनी आठवड्याने सांगितली. पावणेसातच्या सुमारास, सगळे जमलेले असताना, भाजी खाली लागली. करपल्याचा वास दिवाणखान्यापर्यंत पोहोचला. आधीच्या ताईंनी ओट्याशी उभे राहून डोळे पुसले असते, या वेळी त्या दारात आल्या आणि म्हणाल्या, “भाजी लागली आहे, कुणीतरी आत या.” ज्यांच्या अभिप्रायाची त्यांना सर्वाधिक धास्ती होती, त्या मोठ्या जाऊबाईच आधी उठल्या. पातेले न ढवळता वरची भाजी त्यांनी अलगद दुसऱ्या पातेल्यात काढून घेतली, चव पाहिली आणि विचारले, “बटाटे कुठे ठेवतेस?” कुकर लागला, दोन नणंदा कांदे चिरायला बसल्या. बटाटे कुस्करता कुस्करता जाऊबाई एकदम म्हणाल्या, “वाडा सुटल्यापासून इतक्या माणसांचे काही केलेच नव्हते गं.” जेवायला साडेआठ वाजले, ९ ची वेळ कुणीही पाळली नाही.

त्या निघताना मी पडद्यांची चौकशी केली. “लपाछपीत मुलांनी एक उपसून काढला,” ताई म्हणाल्या, “अजून लावलेला नाही.”