व्हिएतनामचे 511 गुण नक्की कुणाचे?

तुमचा प्रश्न असा: 2012 च्या पिसा या आंतरराष्ट्रीय चाचणीत गरीब व्हिएतनामने गणितात 511 गुण मिळवले, अमेरिकेला 481 मिळाले, मग त्यांची प्राथमिक शिक्षणाची पद्धत आपण का उचलू नये? त्यावर एका सदस्यांचं म्हणणं, हे सगळं थोतांड, निम्मी मुलं चाचणीत नव्हतीच. त्यांचा आकडा साधारण बरोबर आहे. निष्कर्ष मात्र घाईचा आहे.

पिसा 15 वर्षांच्या मुलांची असते, पण जी शाळेत आहेत आणि किमान सातवीत पोचली आहेत त्यांचीच. त्या वर्षी व्हिएतनाममधल्या 15 वर्षांच्या सगळ्या मुलांपैकी सुमारे 56 टक्केच या चाळणीतून खाली उतरली. बाकीची शाळा सोडून गेली होती किंवा मागे पडली होती. शाळा सोडणाऱ्यांत वर्गातली पहिली-दुसरी मुलं सहसा नसतात. म्हणजे 511 ही टिकून राहिलेल्यांची सरासरी. शिवाय 15 व्या वर्षीच्या गुणांवरून थेट प्राथमिक शाळेला शाबासकी द्यायची म्हणजे मधली चार-पाच वर्षं खाऊन टाकायची.

मग फक्त प्राथमिकच्या चाचण्या बघू म्हणाल, तर तिथे वेगळीच गोम आहे. चौथीच्या वाचनाची पर्ल्स चाचणी इयत्तेवर चालते, वयावर नाही. 2021 च्या फेरीत कोविडमुळे काही देशांनी चौथीच्या शेवटाऐवजी पाचवीच्या सुरुवातीला मुलं तपासली. आयर्लंड दुसरा आला, तो त्यांच्यातलाच. अहवालात हे देश वेगळे दाखवलेत, बातम्यांत ती खूण गळून जाते. दहा वर्षांच्या मुलाचे वाढीव पाच-सहा महिने म्हणजे काय, ते ज्याच्या घरी पोर आहे त्याला सांगायला नको.

एकाच देशाची दोन वर्षं ताडून बघतानाही हाच घोळ होतो. केनियात जानेवारी 2003 मध्ये प्राथमिकची फी माफ झाली आणि पट सुमारे 59 लाखांवरून 72 लाखांवर गेला. आलेल्यांत कितीतरी मुलांच्या घरात शाळा पाहिलेलं कुणीच नव्हतं. अशा वेळी वर्गाची सरासरी खाली आली, तर मास्तर बिघडले म्हणायचं का? मी तरी सरासरी बाजूला ठेवून त्या वयाच्या सगळ्या मुलांपैकी किती जण शाळेत आहेत *आणि* वाचू शकतात, एवढंच बघतो. शाळेबाहेरचा छेदात धरला की क्रमवारी बरीच हलते.

आता व्हिएतनाम. 'यंग लाइव्ह्ज' या अभ्यासात इथिओपिया, पेरू, व्हिएतनाम आणि आपला तेव्हाचा आंध्र प्रदेश इथली मुलं 2002 पासून पाठपुरावा करून तपासली गेली. शाळेत असोत वा नसोत, त्यांच्या घरी जाऊन. (तो नमुना गरिबांकडे झुकलेला आहे, एवढं ध्यानात ठेवा.) तिथेही व्हिएतनामची पोरं पुढेच. पाचव्या वर्षी फरक थोडा होता, प्राथमिक शाळेच्या वर्षांत तो वाढत गेला. 2019 मध्ये आग्नेय आशियातल्या सहा देशांच्या पाचवीच्या चाचणीतही ते पहिले होते, आणि प्राथमिकला तिथली बहुतेक सगळी मुलं शाळेत असतात. म्हणून 511 मध्ये काटछाट करा, पण त्यांची प्राथमिक शाळा चांगली आहे हे मान्य करा.

घरोघरी गेलं की नमुना निर्दोष होतो, असंही समजू नका. खेड्यांत घरोघरी जाऊन मुलांचं वाचन आणि गणित तपासणारी आपली 'असर' पाहणी आहे, तिच्यात मी स्वयंसेवक म्हणून बीड जिल्ह्यात फिरलोय. शाळेच्या पटाशी देणंघेणं नाही, ओसरीवर बसायचं, पोराच्या हातात दुसरीच्या पातळीची गोष्ट द्यायची, वाच म्हणायचं. पाचवीतली एक मुलगी 'शाळेत' वर अडखळली, तिच्या धाकट्या भावाने मागून डोकावत तो शब्द वाचून दाखवला. शाळेत बसून हे कधी दिसलं नसतं. पण त्याच वस्तीवर ओळीने घरांना कुलपं होती. माणसं पोराबाळांसकट ऊसतोडीला गेलेली. नियम असा की बंद घराची नोंद करायची आणि पुढच्या दाराशी जायचं. मी नोंद केली आणि पुढे गेलो.